घड्याळ दाबा की, पाव्हणं

नेकनूरच्या स्टँडसमोरचा पंक्चरवाला नसता, तर बीडच्या बुद्धिबळ स्पर्धेत पुढच्या फेरीच्या यादीवर माझं नाव लागलं नसतं. आठवीत शाळा सोडल्यापासून ते कुठल्याच चांगल्या यादीत आलं नव्हतं. मी इथं कापसाच्या जिनिंगवर कामाला. गावाकडून आई फोनवर म्हणाली होती, "लागलं तर फोटो धाड."

पंक्चरवाला ट्यूब कानाशी धरतो आणि हवा कुठून जातेय ते ऐकतो. पटासमोरही तसाच, मान वाकडी करून बसतो. दुकानात आम्ही रोज खेळतो. दुसऱ्याच चालीला तो उंटापुढचं प्यादं सारतो नि म्हणतो, "घ्या पाव्हणं, फुकट हाय." घेतलं की त्याचे उंट-घोडे अंगावर आलेच.

स्पर्धेत नेमका तोच समोर आला. हरेल तो बाहेर. त्यानं प्यादं दिलं, मी घेतलं, आणि घाम पुसत कसाबसा राजा वाचवला. मग एक चाल खेळून मी त्याच्याकडं बघत बसलो. तो हलेना.

"घड्याळ दाबा की," तो हळूच म्हणाला. "तुमचाच टाईम चाललाय."

दुकानात घड्याळ नसतं, म्हणून चाल खेळल्यावर ते दाबायचं मी विसरलो होतो. माझं दीड मिनिट उरलं होतं; ते संपलं असतं तर डाव त्याचा होता. दाबलं, आणि आठ चालींनी तो हरला.

"का सांगितलंत?"

"गळती ऐकू आली की गप बसवत न्हाई."

आईला यादीचा फोटो गेला. कधीतरी तोही घड्याळ विसरेल. त्या दिवशी माझा डाव गेला तरी चालेल, पण मी गप्प बसणार नाही.