पंखा बंद करून बसवलेली चिप

मंडळी, आज दुपारी रामनगरातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात नंदिगड्ड्याचे आप्पा आले, सोबत लेक शांता. आप्पांना हल्ली बरंचसं आठवत नाही, पण घरातला जुना कॉम्प्युटर चालू करायचा हट्ट सुटत नव्हता, तोच घेऊन आले होते. आताच्या टीव्हीवर त्याचं चित्र यायला आतली चित्राची चिप काढून सॉकेटात अडॅप्टर आणि त्यावर परत चिप बसवावी लागते.

“चिपचा पाय मोडला तर वो?” शांतानं विचारलं.

“मग दुसरी चिप कुठली मिळायची, अक्का!”

हे काम मी कानानं करतो. पंखा बंद केला, गोव्याकडं जाणारा ट्रक पुढं जाऊ दिला आणि हलकेच दाबलं. एका कोपऱ्यात आवाज दबका आला. उचलून बघतो तर चिपचा एक पाय दुमडलेला. चिमट्यानं सरळ केला, पुन्हा दाबलं. टक्!

कॉम्प्युटर चालू केला, तसा टीव्ही पहाटेच्या आभाळासारखा निळा झाला. आप्पांनी दोन ओळींचा प्रोग्राम टाइप केला आणि शांताचं नाव पडद्यावर खालून वर वाहू लागलं, थांबेचना.

“आप्पा, हे अजून ध्यानात हाय तुमच्या?”

“एवढंच हाय बघ,” आप्पा म्हणाले.

घामाघूम होऊन बघत बसलो. पंखा लावायचं कुणालाच सुचलं नाही.

तुमचं नाव पडद्यावर पहिल्यांदा कुणी लिहिलं होतं?