साधा फोटो आणि जर्मन फोटो

फोटो स्टुडिओत किस्से गोळा करावे लागत नाहीत. माणूस आत येतो, स्टुलावर बसतो, हनुवटी वर करतो, आणि मी लाइट लावेपर्यंत त्याला गप्प बसवत नाही. जाताना फोटो घेऊन जातो, बोललेलं इथंच ठेवून जातो. बसवकल्याणात बस स्टँडच्या मागं माझा स्टुडिओ आहे. तीस वर्षं झाली. सगळे मला फोटोअण्णा म्हणतात. खरं नाव फक्त बायकोला माहीत असेल, आणि ती तर घेत नाही.

चार वर्षांखाली वरच्या मजल्यावर जर्मन भाषेचा क्लास सुरू झाला. दवाखान्यातल्या नर्स पोरी तिथं शिकतात आणि नोकरीला तिकडं जातात. शिकवणारी मॅडम उदगीरची, जर्मनीत सहा वर्षं राहून आलेली. तेव्हापासून माझ्याकडं जर्मनीचेच किस्से साठायलेत, आणि त्यातले निम्मे महानंदाचे. ही पोरगी खजुरीची, इथल्या दवाखान्यात नर्स. ओठाच्या कडेला सुपारीएवढा पांढरा डाग. तेवढ्या डागापायी तिचं लग्न अडलेलं. घरी बसून लोकांची तोंडं बघण्यापेक्षा तिला कसंबी करून तिकडं जायचं होतं.

*

पहिल्या बॅचच्या पाच पोरी व्हिसाच्या फोटोसाठी आल्या. महानंदा त्यात नव्हती, ती पुढच्या बॅचची. मी माझं काम मन लावून केलं. रंग उजळला, तीळ पुसले, एकीचा खांदा खाली होता तो सरळ केला, मागं निळा रंग भरला. लोक लांबून लांबून माझ्याकडं येतात ते ह्याच कामासाठी. पंधरा दिवसांत पाचही फोटो परत. फोटोत फेरफार केलाय म्हणे.

मॅडम नियमाचा कागद घेऊन खाली आली आणि वाचायला लागली. हसायचं नाही, तोंड मिटलेलं पाहिजे. रंग उजळायचा नाही. तीळ, व्रण, जे असेल ते तसंच. मागं निळं नको, फिकट करडं पाहिजे.

मला राग आला. म्हणलं, "मग ह्यात फोटोग्राफरला काय काम हाय?"

"बटण दाबायचं," मॅडम म्हणली.

*

एकदा क्लासात मॅडमनं सांगितलं की तिकडचे लोक उन्हाळ्यात मुद्दाम उन्हात पडून राहतात. थोडं काळं झालं की त्यांना चांगलं वाटतं. आणि ऊन नसलं तर पैसे भरून एका मशीनमध्ये झोपतात, रंग चढायला. पोरींचा विश्वास बसला नाही. रेणुका नावाची एक पोरगी होती, रंगानं चांगलीच सावळी. तिची आई तिला न्यायला आलेली, माझ्या बाकड्यावर बसली होती. खाली येऊन रेणुकानं आईला सगळं सांगितलं.

आईनं हातातली पिशवी बाकड्यावर ठेवली. मग मलाच विचारली, "अण्णा, मग मी हिला पंधरा वर्षं बेसन कामून फासलं?"

*

क्लासच्या पुस्तकात एका खोलीचं चित्र होतं. चित्र बघून जर्मनमध्ये वर्णन करायचं, परीक्षेत तसंच विचारतात. पांढरी भिंत, तिच्यावर एकच तसबीर, तिच्यात बी दोन-चार चौकोन, बाकी काही नाही. महानंदा उठून म्हणाली, हे लोक कालच राहायला आलेत, सामान अजून यायचंय. मॅडम हसली. म्हणाली, वीस वर्षं झाली असतील राहून, त्यांना मोकळी भिंतच देखणी वाटते.

हे मला कळल्यावर मी माझ्या भिंतीकडं बघितलं. छतापर्यंत फ्रेम. नवरा-नवरी, बारशाची लेकरं, देव, आमदार, धबधबा. तो जर्मन माणूस इथं आला तर चक्कर येऊन पडेल.

*

आता माझ्या हातून झालेलं सांगतो. मॅडमनं क्लासात लावायला एक चित्र मोठं करून मागितलं. कोळशानं काढलेली म्हातारी. गळ्याच्या शिरा वर आलेल्या, गाल बसलेले, कपाळावर घड्याच घड्या, एक डोळा भलतीकडं. मी विचारलं, हे कुणी काढलं? मॅडम म्हणली, तिच्या पोरानं, पाचशे वर्षांखाली, त्यांच्यातला लई मोठा चित्रकार. मी विचारलं, आईवर राग होता का त्याचा? मॅडम म्हणली, अण्णा, लई जीव होता.

दुसऱ्या दिवशी प्रिंट दिली. मॅडमनं उजेडात धरली, जवळ घेतली, परत लांब धरली.

"अण्णा, आजीच्या कपाळावरच्या सुरकुत्या कुठं गेल्या?"

खरं सांगतो, मला आठवत बी नव्हतं. हात आपोआप गेला असणार. पाचशे वर्षं जे कुणी केलं नाही ते मी चहा पिता पिता केलं होतं.

*

महानंदाच्या स्थळाचे फोटो मीच काढायचो. पाच वर्षं काढले. तिचे अप्पा खजुरीहून तिला घेऊन यायचे, शेती करणारे, लई सरळ माणूस. मी डाग असा पुसायचो की भिंगातून बघितलं तरी दिसणार नाही. पैसे घेत नव्हतो. आपल्या हातून एका पोरीचं चांगलं व्हायलंय म्हणून मी खूश असायचो.

फोटो बघून लोक यायचे, पोरगी बघून उठायचे. त्यातलं एक स्थळ मन्नाएखेळ्ळीचं होतं. हायवेला हार्डवेअरचं दुकान, माणसं तालेवार. महानंदा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. पोराच्या आईनं तिच्याकडं बघितलं, हातातल्या फोटोकडं बघितलं आणि अप्पांना विचारलं, "ही धाकटी व्हय? थोरली कुठं हाय?"

हे अप्पांनीच मला सांगितलं, ह्याच स्टुलावर बसून. मला लाज वाटली. आणि तरी पुढच्या खेपेला मी डाग आणखी सफाईनं पुसला. दुसरं काय करावं तेच मला येत नव्हतं.

*

महानंदा जर्मनची परीक्षा पास झाली आणि तिकडच्या एका गावातल्या वृद्धाश्रमात तिनं अर्ज केला. त्यांच्यात अर्जाला फोटो लावतात. व्हिसाच्या फोटोचे नियम मला एव्हाना पाठ झाले होते, पण हा फोटो व्हिसाचा नव्हता. मॅडम म्हणली, ह्यात थोडं हसलं तरी चालतं. हसलं चालतं म्हणल्यावर मला वाटलं बाकीचं बी चालत असेल. डाग पुसला. महानंदानं बी अडवलं नाही, तिला सवयच होती.

व्हिडिओवर मुलाखत ठरली. वर उजेड कमी म्हणून माझा लाइट नेला होता, त्यामुळं मी बी तिथंच उभा. पडद्यावर तिकडच्या बाई आल्या. केस पांढरे, तोंडाला पावडरचा कण नाही, अंगात साधा निळा शर्ट. महानंदा फडाफडा बोलायली होती. पोटात इंजेक्शन कसं द्यायचं, पडलेल्या म्हाताऱ्याला कसं उचलायचं, सगळं. मग बाईंनी एक कागद वर धरला, त्याच्यावर मीच काढलेला फोटो. काहीतरी विचारलं. महानंदानं वळून माझ्याकडं बघितलं.

मॅडम माझ्या कानात म्हणली, "विचारायल्यात, ही फोटोतली कोण हाय?"

महानंदा म्हणाली, ती बी मीच. बाई रागावल्या नाहीत. जी येणार आहे तिचा फोटो सोमवारपर्यंत पाठवा, मग ठरवू, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. मॅडमचं तोंड उतरलं होतं. फोटो खोटा निघाला तर सर्टिफिकेटं बी खोटी असतील असं त्यांना वाटतं, म्हणाली. चार वर्षांची नोकरी, दोन वर्षांचा अभ्यास, आणि सगळं माझ्या हाताच्या सफाईवर अडकलं होतं.

महानंदा खाली आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, घ्या फोटो. मी घेतला. कॉम्प्युटरवर मोठा केला आणि हात डागाकडं गेलाच. तिनं माझं मनगट धरलं.

"हात ठेवा खाली, अण्णा."

मी हात मांडीवर ठेवला. ती पडद्याकडं बघत राहिली. दवाखान्यात पेशंटचा एक्स-रे बघावा तसं तिनं स्वतःला बघितलं.

"माझ्याकडं माझा एक बी फोटो न्हाई," ती म्हणाली. "हे आज पहिल्यांदा बघायले."

मला रडू आलं. पाच वर्षांत मी तिचे किती फोटो काढले होते!

नऊ दिवसांनी पत्र आलं, या म्हणून. अप्पा पेढे घेऊन आले आणि शरणु शरणु म्हणत, हात जोडून, माझ्या कॅमेऱ्याला बी एक पेढा दाखवला.

*

तेव्हापासून माझ्या बोर्डावर दोन प्रकार लिहिलेत, साधा फोटो आणि जर्मन फोटो. साधा म्हणजे मी जसा करतो तसा, रंग उजळून. जर्मन म्हणजे आहे तसा. पोरं साधा मागतात. राजेश्वर गावचे एक आजोबा आले होते, त्यांनी विचारलं जर्मन म्हणजे काय. मी समजावून सांगितलं.

"मग जर्मनच काढ," म्हणले. "भिंतीला लावल्यावर नातवंडांनी वळखलं पाहिजे."

*

महानंदा तिकडून महिन्याला एकदा फोन करते. तिच्या वृद्धाश्रमात नव्वदीच्या बाया दर शुक्रवारी केस सेट करून घेतात, आणि त्या दिवशी जेवायला उशीर झाला तरी चालतो म्हणे. प्रत्येकीच्या खोलीत घरून आणलेलं एक तरी चित्र असतं. एक आजी स्वतःच रंगवतात. हात थरथरतो तरी रोज बसतात. त्यांनी महानंदाला खिडकीपाशी बसवलं आणि कागद घेतला.

मी विचारलं, डाग दाखवला का त्यात?

"अण्णा, आजीनं आधी डागच रंगवला," ती म्हणाली. "मग त्याच्या भोवतीनं मला."

*

गेल्या महिन्यात दुपारी स्टुडिओसमोर एक गाडी थांबली. मन्नाएखेळ्ळीची तीच मंडळी, हार्डवेअरवाली. आई, वडील आणि पोरगा. पोराचं अजून कुठं जमलं नव्हतं. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो, पण आईनं नाव-गाव सांगितलं तसं ओळखलं. खजुरीची पोरगी जर्मनीला असते हे त्यांच्या कानावर गेलं होतं. आता त्यांची तयारी होती. जुना फोटो हरवला, पण मागं तुमचा शिक्का होता, म्हणून आलो, म्हणाल्या.

मी बोर्डाकडं बोट दाखवलं नाही. गपचूप महानंदाचा फोटो काढून दिला, अर्जाचा दुसरा, डागासकट. आईनं बघितला आणि माझ्यापुढं परत सरकवला.

"ह्यो न्हाई हो. त्यो पहिला द्या, गोरा. पाव्हण्यांत दाखवायचा हाय."

मी म्हणलं, पोरीला विचारावं लागतं. तिथंच तिला फोन लावला. तिकडं सकाळ होती, ती ड्यूटीवर निघायली होती. मी सगळं सांगितलं, कोण आलंय, काय मागायलेत.

"पोरगा हाय का तिथं?" तिनं विचारलं.

"हाय की. समोरच बसलाय."

"मग आधी त्येंचा फोटो पाठवा मला. जर्मन."

मी फोन खिशात ठेवला आणि पोराला स्टुलावर बसा म्हणलं. वय चाळिशीकडं झुकलेलं, केस नुकतेच काळे केलेले, कपाळावर रंगाची रेघ राहिलेली, गालावर देवीच्या वणासारखे खड्डे. त्यानं खिशातून कंगवा काढला. आई मागून म्हणाली, अण्णा, जरा उजळ येऊ द्या हं. मी मागचा निळा पडदा काढला, करडा लावला, लाइट त्याच्या तोंडावर नीट वळवला. तो फोटोसाठी छान दात दाखवून बसला.

"हसू नका," मी म्हणलं.