सईची शाळा मी ठरवली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तसा फैजपुरात मी गप्पिष्ट म्हणून प्रसिद्ध आहे — माझ्या पोटात काही राहत नाही म्हणतात. हे राहिलं. चार वर्षं.

केळी-बागायतदारांच्या अभ्यासदौऱ्यात मी पाच दिवस जर्मनी पाहिली होती. पाचच दिवस! पण त्यांच्या गोष्टी मी गावाला वर्षानुवर्षं पुरवून वाढल्या. तिथल्या गाई घड्याळ बघून हंबरतात, असंही सांगून झालं होतं. मग पुतण्या योगेशला तिकडे नोकरी लागल्यावर सल्ला कुणाला विचारणार?

प्रश्न सईचा होता — त्याची लेक, सात वर्षांची. तिथल्या सरकारी शाळेत घालायचं, महागड्या इंग्रजी शाळेत, की इथेच आमच्याकडे ठेवायचं? शेतात वांग्याच्या भरताची पंगत बसली होती. योगेश म्हणाला, "नाना, तुम्ही पाहून आलात. तुम्ही सांगाल तसं."

सगळ्यांचे हात पुरीवर थांबले. असे श्रोते मिळाल्यावर मी गप्प बसेन?

"भाषा न येणारी पोरं तिथे वेगळी बसवतात," मी म्हणालो. "वर्षभर कुणी बोलत नाही त्यांच्याशी. भिंतीकडे तोंड करून बसलेली एक पोरगी मी या डोळ्यांनी पाहिली."

इंग्रजी शाळा योगेशला झेपणारी नव्हती. सईची आई, वैशाली, उठून विहिरीकडे गेली. माझी बायको एवढंच म्हणाली, "लेकराले मायपासून तोडता का, बाप्पा?"

शाळा मी पाहिली होती — चालत्या बसमधून. फाटक बंद होतं.

नुसती बढाई होती का ती? तसं म्हणून सुटता येईल. पण — आमच्या घरात मूल नाही. माझ्या गोष्टींना सईसारखं कुणी हसत नाही. ती जाऊ नये, म्हणून ती पोरगी मी भिंतीपाशी बसवली.

दोन वर्षं सई आमच्याकडे राहिली. खूप हसलो आम्ही. सुरुवातीला आईचा व्हिडिओ कॉल आला की धावत यायची. पुढे खेळातून मान वर न करता म्हणायची, "सांगा ना, मी झोपलेय." मी तसं सांगायचो — तेही रंगवून.

शेवटी वैशालीला राहवेना. येऊन तिला घेऊन गेली आणि तिथल्या सरकारी शाळेतच घातलं. महिन्याभरानं वैशालीचा फोन आला. नव्या मुलांना भाषा शिकवायला वेगळ्या बाई आहेत, म्हणाली. पहिल्याच दिवशी एका मुलीनं सईचा हात धरून तिला वर्गात नेलं, म्हणाली.

मग विचारलं, "नाना, तुम्ही पाहिली त्यानंतर सुधारल्या असतील शाळा, नाही का?"

मी म्हणालो, "हो. सुधारल्या असतील."