वरचा मजला, स्वतःचा वापर

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, म्हणतात. लग्नातून मी सुटले. पण अप्पांनी सरस्वतीपुरमला दुमजली घर बांधलं आणि त्याचे कर माझ्या गळ्यात पडले. खाली आम्ही बापलेकी राहतो. वर अकरा वर्षांपासून एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान भाड्यानं राहतात. घर एक, पण कागदावर दोन. विजेची मीटरं वेगळी, पाण्याचं एकच, आणि जिना नक्की कुणाचा हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

अप्पांचं इन्कम टॅक्सचं रिटर्न मी भरते. भाडं उत्पन्नात दाखवायचं, त्यातून वरच्या मजल्यापुरती घरपट्टी वजा करायची, मग दुरुस्तीचे म्हणून तीस टक्के. दुरुस्ती करा, नाहीतर भिंतींना ओल येऊ द्या, वजावट तीच. दरवर्षी तेच कागद आणि तीच शोधाशोध. खरं सांगायचं तर मला याचा वीट आलाय.

घरपट्टीच्या, म्हणजे इथल्या कानडीत कंदायच्या, फॉर्मला मात्र अप्पा मला हात लावू देत नसत. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. दर एप्रिलला टेप काढून खोल्या स्वतः मोजायचे, जसं काही वर्षभरात घर अंगानं भरलं असेल. मग लवकर भरण्याची सूट बुडू नये म्हणून पहिल्याच आठवड्यात जाऊन रांगेत उभे राहायचे.

यंदा पालिकेची नोटीस आली. वरच्या मजल्याचा वापर काय, खुलासा करा. मी जुन्या फॉर्मच्या प्रती काढल्या आणि कपाळाला हात लावला. अकराही वर्षं अप्पांनी दोन्ही मजल्यांपुढे 'स्वतःचा वापर' लिहिलं होतं. एका खात्याला मी भाडं सांगत होते आणि दुसऱ्या खात्याला ते नाही म्हणत होते. दंड भरून हे मिटलं असतं. पण त्यांनी तसं का लिहिलं ते मला ठाऊक होतं, आणि त्याचाच मला राग आला.

वरचा मजला अण्णासाठी बांधलेला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो परदेशात गेला, तिथं त्यानं घर घेतलं, त्याची मुलं तिथंच वाढली. तरी अप्पांच्या लेखी भाडेकरू म्हणजे अण्णा येईपर्यंतची सोय. अप्पांची औषधं, बँक, दवाखाना मी बघते. पण वाट बघायची ती अण्णाची.

जेवण झाल्यावर मी नवा फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. "अप्पा, वरच्या मजल्याला 'भाड्याने' लिहा."

"सुम्ने, उगीच कशाला डोकं खातीस? आपलंच घर हाय ते. अण्णा आला की लागतंयच की."

"अण्णा येणार नाही." इतक्या वर्षांत हे वाक्य घरात कुणी उच्चारलं नव्हतं. माझा आवाजही चढला. "तो तिकडचाच झाला. आणि मी इथं आहे ते तुम्हाला दिसतच नाही."

मला माझीच लाज वाटली.

"तो येत नाही, गोत्तु हाय मला," ते म्हणाले. "तिकडं घर घेतलं तवाच कळलं."

"मग हे कशाला लिहीत होतात?"

"तुझ्यासाठी, बाई. मी गेल्यावर खाली तू एकटी. वरती आपलं माणूस नको का? भाड्यानं लिहिलं की आयतु, संपलंच, तू एकटीच म्हणून मीच लिहून दिल्यासारखं."

मी पेन घेतलं. वर 'भाड्याने', खाली 'स्वतःचा वापर'. अप्पांनी सावकाश सही केली. मग खालच्या मजल्याच्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथं तुझं नाव घाल."

"तसा रकाना नाही, अप्पा."

"मग बाजूला घाल."

फॉर्मवर जास्तीचं काही लिहिलं की तो परत येतो, पुन्हा रांग लावावी लागते. हे सगळं मला ठाऊक होतं. मी समासात माझं नाव लिहिलं.