हेल्मेटातला लाल चेंडू

"पार्किन्सन्स आहे," सांगलीचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदूतलं एक रसायन कमी पडतं आणि हातापायांच्या हालचाली मंदावतात. मी एकच विचारलं, जीप चालवू का?

फौजेतून पेन्शनवर आल्यापासून मी माझ्या जीपनं कोरेगाव-सातारा वडाप करत होतो. माणसं भरायची, साताऱ्यात सोडायची. हाताला कंप सुटला तेव्हा मी तो थंडीवर ढकलला. मग शर्टाची बटणं लागेनात आणि चालता चालता पाय जमिनीला चिकटायला लागले, तेव्हा कुठं बायकोनं, शालननं, मला सांगलीला नेलं.

डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं नाही. त्यांचा इंजिनिअर भाऊ एका यंत्राची खटपट करत होता. त्यावर आधी रिअ‍ॅक्शन टाइम मोजू म्हणाले, म्हणजे डोळ्यांना दिसल्यापासून हात हलेपर्यंत जाणारा वेळ. जीपचं त्यानंतर.

यंत्र म्हणजे एक जड हेल्मेट. आत डोळ्यांपुढे दोन छोटे पडदे, मागे कॉम्प्युटरला जाणारी जाडजूड वायर. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात त्याला, नसलेली जागा असल्यासारखी दाखवायची. मला निळसर खोली दिसली. मान वळवली की खोलीतलं पुढचं दिसायचं. पाठीमागं भिंत आहे का, तेही मी बघून घेतलं. माझे हात मात्र आत कुठंच नव्हते, याची फार गंमत वाटली. इंजिनिअर बिचारा "काका, समोर बघा" म्हणून दमला.

लाल चेंडू दिसला की हातातलं बटण दाबायचं होतं. चेंडू आला, गेला. दुसरा आला, तोही गेला. डॉक्टरांनी हेल्मेट काढून विचारलं, चेंडू दिसला नाही का?

"दिसला की. पर हुकूम कुठं आला?"

शालननं कपाळावर हात मारला. पण निशाणा दिसला म्हणून मी उभ्या नोकरीत कधी बंदुकीचा घोडा दाबला नव्हता. 'फायर' ऐकलं की दाबायचा.

पुन्हा बसलो. आता मनापासून दाबत होतो, तरी चेंडू गेल्यावरच बटण वाजायचं. माझा मलाच राग आला. मग डॉक्टरांना काय सुचलं कोण जाणे, चेंडू येताच ते "फायर" म्हणू लागले. अंगठा लगेच बसला. दर वेळी बसला.

डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसले. या आजारात आपण होऊन सुरुवात करणं जड जातं, बाहेरून इशारा मिळाला की पुष्कळदा सोपं होतं, असं त्यांनी समजावलं. मी हुरळलो. म्हटलं, मग जमतंय की, चालवू का जीप?

शालन बोलली, "आवं, रस्त्यात पोरगं आडवं आलं, तर फायर कोन म्हननार?"

हॉस्पिटलच्या पायरीवर बसून मी रडलो. त्याच आठवड्यात जीप पुतण्याला दिली.

लेव्होडोपाच्या गोळ्यांनी, म्हणजे कमी पडलेलं रसायन भरून काढणाऱ्या औषधानं, कंप बराच उतरला. पाय अजून अडतात. तुमच्या घरी कुणाचे अडत असतील तर त्याला ओढू नका, डॉक्टरांना विचारून आवाज देऊन बघा. शालन मला कवायतीचा हुकूम देते. आधी लाजून कानात पुटपुटायची.

परवा साताऱ्याला निघालो, तर जीपच्या दाराशीच पाय रुतले. आतली माणसं खोळंबली. पुतण्या आधार द्यायला उतरत होता, त्याला थांबवून शालन भर चौकात ओरडली, "तेज चल!"

मी चढलो. पहिल्यांदाच मागं माणसांत खिडकीकडेला बसलो आणि सातारा येईपर्यंत बाहेर बघत राहिलो. इतकी वर्षं याच रस्त्यानं गेलो, पण पुलाखाली नदीत पाणी किती आहे ते मी कधी बघितलंच नव्हतं.