तुळजाबाईंचा अंदाज

पेशंटचा हात हातात घेऊन दोन शब्द बोलल्याशिवाय तुळजाबाई मॅडम त्याच्या पाठीला सुई लावत नसत. चेन्नईच्या आमच्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टरांत त्या सर्वांत ज्येष्ठ. मी साताऱ्याहून शिकायला आलेला. मॅडमचं घराणं तंजावरचं, बिऱ्हाड इथंच मैलापूरला. माझ्याशी त्या जुन्या वळणाचं मराठी बोलत, मध्येच तमिळकडे झुकणारं, 'बाबा'च्या जागी 'पा' म्हणणारं. पेशंटला वय विचारत, एरवी डोकं दुखतं का विचारत, आणि मला म्हणत, "हिचें दुखेल, पा. सांगून ठेव."

कमरेत भूल दिल्यावर काहींचं डोकं दुखतं. उठून बसलं की ठणका, आडवं झालं की आराम. तरुण, सडपातळ बायकांना हा त्रास जास्त.

चेन्नईजवळच्या कोवलमची सेल्वी तशीच. पहिलटकरीण, सिझेरियन. मॅडमनी बजावलं होतं. पण सुई बारीक होती, एका टोचण्यात काम झालं होतं. उगाच कशाला घाबरवायचं, म्हणून मी गप्प राहिलो. ती घरी गेली.

दोन दिवसांनी तिचा नवरा कागद न्यायला आला. म्हणाला, "ती उठतच नाही, सार. बसून बाळाला पाजतही नाही. आई म्हणते, सोंग आहे."

मी मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. पर्स उचलून "चल" एवढंच म्हणाल्या.

बसनं कोवलमला पोचलो. मॅडमनी सेल्वीला बसवलं. तिनं कपाळ गच्च धरलं. निजवलं; चेहरा सैल झाला. मग त्या सासूकडे वळून तमिळमध्ये म्हणाल्या, "अम्मा, हे सोंग नव्हे. आमच्या सुईचं दुखणं आहे. हिला आधी सांगायला हवं होतं. आम्ही सांगितलं नाही."

आम्ही! माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

सेल्वीला हॉस्पिटलात आणलं. तिच्याच हातातलं रक्त काढून मॅडमनी पाठीत, सुईच्या जागेजवळ सोडलं. त्यानं सुईच्या भोकातून होणारी मणक्यातल्या पाण्याची गळती बुजते. तासा-दोन तासांनी ती उठून बसली आणि बाळाला पदराखाली घेतलं. सासू तिच्या पाठीशी उशी लावत होती.

निवृत्त होऊन मॅडम तंजावरला निघाल्या, तेव्हा तांबरम स्टेशनावर गाडीत बसवून द्यायला मी गेलो होतो. न राहवून विचारलं, "मॅडम, तुमचे किती अंदाज खरे ठरले?"

त्या हसल्या. "मोजलेंच नाही, पा. ज्यांचें दुखलें, त्यांनी न भितां बोलावलें. ज्यांचें नाही दुखलें, ते हांसत घरीं गेले. यांत माझें चुकलें कुठें?"