दूध कट्ट्यावर हरवलेली लेन्स

"कुणी हलायचं न्हाय! पाय उचलशीला तर बघा! भाच्याची लेन्स पडल्या!"

मामाचा आवाज असा, की समोर पिळलेलं धारोष्ण दूध प्यायला पेठ जमते त्या कट्ट्यावरच्या चार म्हशींनी रवंथ थांबवला. पाचवीनं पान्हा चोरला.

माझा चष्मा सोळा नंबरचा. तो काढला की म्हैस कुठली आणि मामा कुठला, हे वासावरनं ठरवायचं. एवढ्या नंबराला लेसर चालत नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी उजव्या डोळ्यात, बाहुलीच्या मागं, एक इवलीशी लेन्स कायमची बसवली होती. डावा डोळा पुढच्या आठवड्यात करायचा होता, पण चष्मा मी आत्ताच पेटीत टाकला होता.

आणि आज, "आता दिसतंय का रं पैलवान?" म्हणत मामानं प्रेमानं पाठीत थाप हाणली. कोल्हापुरी थाप ती. शिरोलीच्या कारखान्यातला हातोडासुद्धा तिच्यापुढं लाजेल. माझं डोकं हातातल्या दुधाच्या ग्लासात गेलं, मी घाबरून उजवा डोळा तळव्यानं गच्च झाकला, आणि बघतो तर समोर सगळं धुकं!

"मामा, गेली!" मी ओरडलो. मोठ्या मुश्किलीनं मिळालेला डोळा दुधाच्या एका ग्लासापायी गेला होता.

अर्धी पेठ गुडघ्यावर आली.

"पावणं, रंग कसला हाय?"

"पाण्यासारखा."

"मग दुधात पडली आसंल की!"

झालं. माझा ग्लास धोतराच्या सोग्यातनं गाळला. मग शेजाऱ्याचा. मग गवळ्याची अख्खी किटली. गवळी बोंबलत होता, "माझ्या दुधात काच न्हाय वो, पाणीबी न्हाय!" यातल्या पहिल्या गोष्टीवर लोकांनी विश्वास ठेवला.

शेवटी मामानं मला, डोळ्यावरचा हात तसाच, स्कूटरवर घातलं. वाटभर त्यानं हॉर्नवरचा अंगठा काढला नाही. दवाखान्यात तो रडकुंडीला आला, "बाई, माझ्या हातानं पोराचा डोळा घालिवला वो!"

"हात काढा," बाई मला म्हणाल्या.

मी भीत भीत काढला. समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ दिसली. तिच्याखाली छापखान्याचं नाव दिसलं. भिंतीवरच्या पालीचा चेहरा दिसला, बिचारी जरा काळजीत होती. एवढा सुखावलो, की मामाचं नाकसुद्धा देखणं वाटलं.

बाईंनी यंत्राला डोळा लावून बराच वेळ बघितलं.

"मग ती परत आली कुठनं?" मामानं विचारलं.

"कुठं गेलीच नव्हती, हाताखाली झाकली होती," बाई म्हणाल्या. "दुसरा डोळा बुधवारी."